रशियन लोककथेचं मराठी चित्रपुस्तक: गोष्ट निवडण्यापासून छापखान्यापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतल्या मुलांसाठी रशियन लोककथेचं चित्रपुस्तक करायला घेतलं की पहिला वाद होतो तो गोष्ट किती ‘आपली’ करायची यावर. यागा म्हातारीला, म्हणजे रशियन कथांतल्या रानातल्या चेटकिणीला, नऊवारी नेसवावी का? सलगमाच्या जागी बेळगावचं रताळं काढावं का? याबाबत आमचं मत पक्कं आहे. चित्रात रशिया अस्सल असू द्या आणि सांगणं अस्सल मराठी असू द्या. फसलेल्या पुस्तकांत बहुतेक वेळा याच्या नेमकं उलट झालेलं असतं. चित्रात कौलारू घर आणि तुळशीवृंदावन, आणि खाली शब्दाला शब्द लावून केलेलं, जिभेवर न बसणारं मराठी. अशा पुस्तकात मुलाला दूरचा देश बघायला मिळत नाही आणि घरच्या भाषेत गोष्टही ऐकायला मिळत नाही.

पुढे उदाहरणासाठी वासिलीसा आणि यागा म्हातारीची कथा घेतली आहे. पुस्तक ३२ पानांचं, वाचक ७ ते १० वर्षांचे.

गोष्ट कुठून घ्यायची

रशियन लोककथांचा सगळ्यात मोठा संग्रह अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत काढला. त्यात सहाशेच्या आसपास कथा आहेत. अफानास्येव १८७१ मध्ये वारले, त्यामुळे त्या कथा कुणालाही आपल्या शब्दांत सांगता येतात. अडचण होते ती घरातल्या किंवा वाचनालयातल्या जुन्या मराठी अनुवादामुळे. कथा मोकळी असली तरी त्या अनुवादातली वाक्यं अनुवादकाची असतात. भारतात लेखकाच्या किंवा अनुवादकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणून जुनं पुस्तक वाचा, मिटून ठेवा, गोष्ट कुणालातरी तोंडी सांगा आणि ते सांगणं लिहून काढा. हक्काचा प्रश्न त्याने सुटतो आणि वाक्यंही बोलती होतात.

चित्रांचंही तसंच आहे. रशियन लोककथांचे चित्रकार इवान बिलिबिन (१८७६–१९४२) यांच्या चित्रांवरचा हक्क भारतात संपला आहे, पण ती चित्रं उचलून छापण्यात काही अर्थ नाही. त्यांच्याकडून रीत शिकावी: जाड, स्वच्छ काळी रेघ, आत सपाट रंग, आणि पानाभोवती त्याच प्रसंगाशी नातं सांगणारी नक्षीची चौकट. छपाईच्या दृष्टीनेही ही रीत सोयीची आहे. चार रंग एकमेकांवर केसभर सरकले तरी जाड काळ्या रेघेखाली ते झाकलं जातं.

३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी करत असाल तर वासिलीसा नको. त्यांना मोठ्या सलगमाची गोष्ट द्या: आजोबा, आजी, नात, कुत्रा, मांजर आणि शेवटी उंदीर. तिथे १६ पानं आणि पानाला दोन वाक्यं पुरतात. अमर कोश्चेईचा जीव सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, अशी कथाही मोहात पाडते, कारण उघडझाप करणारी पानं डोळ्यासमोर येतात. पण त्यासाठी डाय कटिंग (साच्याने कागद कापणं) आणि हाताने चिकटवण्याचं काम लागतं. पहिल्या पुस्तकात त्या वाटेला जाऊ नका.

बत्तीस पानांची आखणी

लिहिण्याआधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कोरा नमुना, करा. ए-फोरचे आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की ३२ पानं होतात. पान १ शीर्षक, २–३ प्रकाशनाचा तपशील आणि एक लहान चित्र, ३२ वर शेवटची नक्षी. मध्ये ४ ते ३१, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या १४ जोड्या उरतात. जोडीला सरासरी ५० शब्द धरले तर सगळा मजकूर ७०० शब्दांचा. १,२०० शब्द झाले असतील तर चित्रं लहान करू नका, मजकूर कापा.

४–५: आई जाते, जाताना बाहुली देते. ६–७: सावत्र आई आणि तिच्या दोन मुली. ८–९: शरदातली रात्र, एक मुलगी लेस विणते, दुसरी मोजे, वासिलीसा सूत कातते, मेणबत्ती विझते, विस्तव आणायला वासिलीसाला यागाकडे पाठवतात. १०–११: रानाची वाट आणि पांढरा स्वार. १२–१३: तांबडा स्वार. १४–१५: काळा स्वार, हाडांचं कुंपण, कवट्यांचे डोळे पेटतात. १६–१७: यागा येते. १८–१९: जेवण आणि कामांची यादी. २०–२१: बाहुली कामं उरकते. २२–२३: दुसरा दिवस, मातीतून खसखस निवडणं. २४–२५: स्वारांबद्दलचे प्रश्न. २६–२७: ‘आईचा आशीर्वाद’ ऐकून यागा तिला कवटी देऊन हाकलते. २८–२९: घरात उजेड. ३०–३१: वासिलीसा कवटी पुरते, दाराला कुलूप लावते, गावाकडे निघते. मूळ कथेत पुढे तागाचं तलम कापड आणि राजाशी लग्न आहे. ३२ पानांत ते कोंबलं की दोन्ही भाग अर्धवट राहतात, म्हणून इथेच थांबणं बरं.

यागाला १६–१७ वर आणण्यामागे छापखान्याचं कारण आहे. मधोमध पिन मारलेल्या ३२ पानी पुस्तकात एकाच कागदावर सलग छापली जाणारी जोडी फक्त हीच. बाकीच्या प्रत्येक जोडीत डावं आणि उजवं पान दुमडणीच्या वेगवेगळ्या भागांतून येतं, आणि मध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून सगळ्यात मोठं सलग चित्र १६–१७ वर, आणि बाकी कुठेही चेहरा, हात किंवा घोड्याचा डोळा मधल्या घडीवर येऊ द्यायचा नाही. १६–१७ वरही दोन पिनांच्या जागा आधी आखून घ्या. यागाच्या नाकात पिन दिसली की चित्र गेलं.

भय वाटणारी गोष्ट पान उलटल्यावर दिसावी. १५ व्या पानाच्या कडेला झाडं हलतात, पाचोळा उडतो, एवढंच. यागा ज्यात बसून येते ते उखळ पुढच्या पानावर.

भीती किती ठेवायची हा प्रश्न शिक्षक विचारतातच. कुंपण आणि कवट्या काढून टाकू नका, आणि यागाला प्रेमळ आजीही करू नका. तिचा धाक गेला तर वासिलीसाच्या धीराला काही किंमत उरत नाही. कवट्या लहान, साध्या रेघेत, डोळ्यांत तांबड्याऐवजी कंदिलासारखा पिवळा उजेड. सावत्र आई आणि मुली जळतात ते चित्रात नको. ‘सकाळ झाली तेव्हा तिथे कोळसा उरला होता’ हे एक वाक्य बास.

सांगण्याची भाषा

रशियन कथेत ठरावीक बोल पुन्हा पुन्हा येतात आणि मुलं त्यांचीच वाट बघतात. त्या बोलांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाहुलीला वासिलीसा दर वेळी म्हणते: ‘घे गं बाहुले, दोन घास खा, माझं गाऱ्हाणं ऐकून जा.’ यागा फाटकाला म्हणते: ‘भक्कम कड्यांनो, निघा! रुंद दारांनो, उघडा!’ यागाच्या इतर कथांतली कोंबडीच्या पायांवरची झोपडी घेतलीत तर: ‘झोपडी गं झोपडी, रानाकडे पाठ कर, माझ्याकडे तोंड कर.’ बोल एकदा ठरला की तो येतो त्या प्रत्येक ठिकाणी अक्षर न बदलता तोच ठेवा. लेखकाला पुनरुक्तीचा कंटाळा येतो, ऐकणाऱ्या मुलाला येत नाही.

वासिलीसा यागाकडे जाते ती विस्तव मागायला. शेजारून विस्तव आणणं खेड्यातल्या आज्यांना माहीत आहे, तेव्हा इथे ‘अग्नी’ किंवा ‘आगीचा स्रोत’ असलं काही लिहू नये. संवादही तसेच: ‘आजी, मी आलेय गं. विस्तव मागायला पाठवलंय मला.’ आणि यागाचं उत्तर: ‘ठाऊक आहेत मला त्या! राहा इथं, काम कर. केलंस तर विस्तव देईन, नाहीतर तुलाच खाईन.’ सख्ख्या आजीला ‘तू’ म्हणतो तसंच इथेही. ‘तुम्ही’ केलं की सरकारी कचेरीतलं बोलणं वाटायला लागतं.

‘बाबा यागा’ असं नाव छापलं तर दुसरीतलं मूल तिला पुरुषच समजणार. पहिल्यापासून ‘यागा म्हातारी’ ठेवा. सगळ्या नावांचं लेखन पहिल्या मसुद्यातच ठरवून एका कागदावर लिहून ठेवा: वासिलीसा, यागा, इवान. चित्रकार, अक्षरजुळणी करणारा आणि मुद्रितशोधक या तिघांकडे तो कागद हवा.

चित्रातला रशिया

गावातलं घर आडव्या ओंडक्यांचं, कोपऱ्यात ओंडके एकमेकांत खाचून बसवलेले, खिडकीला कोरीव चौकट. कांद्याच्या आकाराचे घुमट चर्चवर असतात, घरावर नाहीत. आत विटा-मातीची मोठी भट्टी: खोलीचा बराच भाग अडवणारी, वर माणूस झोपेल इतकी सपाट. ती चित्रात नीट दाखवली नाही आणि मजकुरात ‘चूल’ लिहिलं, तर भट्टीवर झोपलेला माणूस मुलाला चुलीवर झोपलेला दिसतो आणि वर्गात पुढची पाच मिनिटं त्यातच जातात.

लग्न न झालेल्या मुलीची एकच वेणी आणि कपाळावर पट्टी. लग्न झालेल्या बाईचे केस पूर्ण झाकलेले. वासिलीसा आणि सावत्र आई यांच्यातला फरक एवढ्यानेच दिसतो. पायात झाडाच्या सालीचे विणलेले जोडे. पुरुषाच्या सदऱ्याची पट्टी गळ्याच्या मधोमध नसून एका बाजूला, कमरेला पट्टा.

बाहुलीच्या बाबतीत हटकून चूक होते. एकीत एक बसणारी लाकडी बाहुली, मात्र्योश्का, रशियात १८९० च्या दशकात तयार झाली. ही कथा त्याआधीच छापली गेली होती. वासिलीसाची बाहुली खिशात मावणारी, साधी, कापडाची काढा.

यागा उखळात बसून येते, मुसळाने ते हाकते आणि मागचा माग खराट्याने पुसते. या तिन्ही वस्तू आपल्या घरातल्या आहेत, पण आकार जपा. उखळ जमिनीत पुरलेलं दगडी नको. माणूस कमरेपर्यंत आत मावेल असं उंच हवं.

प्रसंग शरद ऋतूतला आहे, तेव्हा बर्फ नको. रशिया म्हटलं की सगळं पान पांढरं करायची सवय सोडा. बर्च झाडाचं खोड पांढरं, त्यावर आडवे काळे व्रण, पानं पिवळी. मागे फरची गडद झाडं. साग आणि बांबू चुकूनही नकोत.

अस्वलाची गोष्ट निवडलीत तर खानापूरकडच्या मुलांचा विचार करा. भीमगड अभयारण्याच्या बाजूची मुलं अस्वल ओळखतात: काळं, झिपरं, छातीवर इंग्रजी व्हीसारखा पांढरट पट्टा. रशियातलं अस्वल तपकिरी, दाट केसांचं, खांद्यावर उंचवटा असलेलं. छातीवर पट्टा आला की मूल लगेच म्हणणार, हे तर आमच्या रानातलं.

कागद, शाई, रंग

डबल क्राउनच्या (२० × ३० इंचांच्या कागदाच्या) आठव्या आकाराचं, म्हणजे ७.२५ × ९.५ इंचांचं पान धरू. जोडीचं माप ३६८ × २४१ मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर कापणीसाठी वाढवले की ३७४ × २४७. चित्र ११० टक्के मोठं काढा, म्हणजे सुमारे ४११ × २७२. ते ए-थ्री स्कॅनरवर एका वेळेत बसतं. १२५ टक्के काढलं तर दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावं लागतं आणि सपाट रंगात जोड दिसतोच.

३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद, अर्धा इम्पीरियल, १५ × २२ इंच. चारी बाजूंनी टेप लावून पाटावर बसवा. क्रम असा: पेन्सिल ट्रेसिंग कागदावर, ती चांगल्या कागदावर उतरवायची, मग वॉटरप्रूफ शाईने रेघ, पूर्ण वाळल्यावर रंग. फाउंटन पेनची शाई वापरली तर पहिल्याच ओल्या हाताने रेघ फुटते. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसाळी हवेत रंग वाळायला वेळ लागतो. अर्धवट ओल्या थरावर दुसरा थर दिला की फुलकोबीसारखे डाग उठतात. शक्य असेल तर रंगकाम दिवाळीनंतर घ्या.

तीन स्वारांचे रंग आधी ठरवा, कारण तीच या पुस्तकाची रंगयोजना. पांढरा स्वार कोऱ्या कागदावर हरवतो, त्याला मागे निळसर करडं धुकं हवं. काळा स्वार रात्रीत हरवतो. मागे गडद निळा, आणि स्वाराभोवती फिकट रेघ सोडा. तांबडा स्क्रीनवर झगझगीत दिसतो तसा छापून येत नाही. फाइल सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंत) घेऊन शंभर टक्के मॅजेंटा आणि शंभर टक्के पिवळा यांच्या मर्यादेत तो बघून घ्या. रात्रीच्या पानांवर चारी शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त झाली तर शाई वाळत नाही आणि समोरच्या कागदाच्या पाठीवर उमटते.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके); छापायच्या मापात ३०० च्या खाली येता कामा नये.

अक्षरजुळणी

७–८ वर्षांच्या वाचकाला १८ ते २० पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका आणि दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट नको. शब्दांमध्ये भोकं पडतात. मजकूर कापणीच्या कडेपासून किमान १० मिलिमीटर आत.

पानं जुळवायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटतात. भाषा ‘मराठी’ निवडा. काही फॉन्टमध्ये तसं केलं तरच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळण येतं. पहिलीत गिरवलेलं अक्षर आणि पुस्तकातलं अक्षर वेगळं दिसलं की नवशिका वाचक अडखळतो. छापखान्याला द्यायच्या पीडीएफचा प्रिंट काढून ‘गाऱ्हाणं, दुसऱ्या, म्हातारी, आशीर्वाद, हृदय’ हे शब्द कागदावर तपासा. स्क्रीनवर तपासून भागत नाही.

डमी पूर्ण झाली की दुसरी-तिसरीच्या वर्गात मोठ्याने वाचून बघा, शक्य असेल तर ज्या वर्गात काही मुलांच्या घरी कन्नड बोललं जातं तिथे. मुलं कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतात तिथे खूण करा. एकच प्रश्न दोन-तीन मुलांनी विचारला तर त्याचं उत्तर चित्रात घाला. तळटीप कुणी वाचत नाही.

छपाई, आणि कन्नड आवृत्ती

प्रती ३०० च्या आत असतील तर डिजिटल, वर असतील तर ऑफसेट (प्लेटांवरून छपाई), असा साधारण हिशेब. काम बेळगावात करा किंवा कोल्हापुरात, कागदाचं गणित स्वतः मांडता आलं पाहिजे. २० × ३० इंचांच्या एका कागदावर १६ पानं बसतात, म्हणजे प्रतीला दोन कागद. हजार प्रतींना २,००० कागद, चार रीम. १३० जीएसएम आर्ट पेपरचं रीम सुमारे २५ किलो भरतं, म्हणजे एकूण १०० किलो. यंत्र जुळवताना जाणाऱ्या कागदांसाठी दीड-दोनशे कागद वर धरा. मुखपृष्ठाला एका कार्डात चार, म्हणजे हजार प्रतींना २५० कार्डं आणि थोडी जास्तीची. कागदाचे तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवेत, हे ऑर्डरवर लिहून द्या. आडवे आले तर घडी तडकते आणि पानं लाटांसारखी उभी राहतात.

मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम, दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेलं आर्ट कार्ड, बाहेरून मॅट लॅमिनेशन. दुमडण्याआधी क्रीझ (घडीची खाच) मारून घ्या. लॅमिनेशन एकाच बाजूला असल्यामुळे पावसाळ्यात दुसरी बाजू ओल धरते आणि मुखपृष्ठ वळतं. बांधणी झाल्यावर गठ्ठे एक दिवस वजनाखाली ठेवा, मगच बांधा.

सीमाभागात हे पुस्तक कन्नडमध्येही हवं असतं: त्याच शाळेच्या आवारातल्या कन्नड वर्गाला, त्याच गल्लीतल्या दोस्ताला. सुरुवातीपासून एक नियम पाळला तर ते बरंच स्वस्तात होतं. सगळा मजकूर फक्त शंभर टक्के काळ्यात ठेवा, गडद चित्रावर पांढरी अक्षरं कुठेही नकोत. दोन कागद, प्रत्येकाच्या दोन बाजू, चार रंग, म्हणजे आतल्या पानांना १६ प्लेटा. मजकूर फक्त काळ्या प्लेटेत असेल तर कन्नड आवृत्तीला चारच नव्या प्लेटा लागतात. बाकीच्या बारा त्याच. एकाच दिवशी, त्याच यंत्रावर, आधी मराठी प्रती, मग काळी प्लेट बदलून कन्नड. एक जरी ओळ पांढऱ्या अक्षरांत असली तर त्या बाजूच्या चारही प्लेटा नव्या कराव्या लागतात. मजकुराच्या जागा आखताना पाचवा हिस्सा मोकळा सोडा, म्हणजे कन्नड ओळ वाढली तरी बसते. कन्नड मजकूरही कन्नडमध्ये गोष्ट सांगू शकणाऱ्या माणसाकडून, मूळ कथेवरून लिहून घ्या, मराठीवरून ओळीला ओळ लावून नको. दोन्ही भाषांना वेगवेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून तो ऑनलाइन, विनामूल्य मिळतो, स्वतःच प्रकाशक असाल तरीही. छपाईच्या तारखेच्या बऱ्याच आधी अर्ज करा, कारण बारकोड मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये बसवायचा असतो.

प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्यानुसार चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. त्यांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. छापखान्याकडून अंतिम पीडीएफबरोबर उघडी फाइल, वापरलेले फॉन्ट आणि स्कॅन केलेली मूळ चित्रंही परत घ्या. पीडीएफमधल्या अक्षरांच्या अनेकदा रेघा करून टाकलेल्या असतात. पुढच्या आवृत्तीत एक वेलांटी सुधारायची झाली तरी ती उघडी फाइलच लागते.